ताडोब्याला निघालेली डोळ्यांची गाडी

कसबा पेठ, पुणे
१० जानेवारी १९९०

परममित्र श्री. गोपाळकृष्ण यांस सिराजचा सप्रेम सलाम. कुसुमवहिनींना नमस्कार आणि हेमाला आशीर्वाद. आम्ही खुदाच्या मेहरबानीनं मजेत आहोत. तुम्हीही मजेत असणार, कारण काही दुखत-खुपत असतं तर तुझं चार पानी पत्र आलं असतं. तब्येत बिघडल्याशिवाय कोणाला पत्र लिहायचं नाही, ही तुझी शाळेपासूनची सवय. पुढे मुख्याध्यापक झालास तरी सुटली नाही. गुडघे कसे आहेत? चंद्रपूरला मुलीकडे कायमचं राहायला गेलेल्या माणसानं दिवसातून दोनदाच चहा मागावा, असं मी तुला स्वारगेटला गाडीत बसवताना बजावलं होतं, ते पाळतोस ना? अक्षर पाहून चकित होऊ नकोस. पत्र मी सांगतो आहे आणि अख्तर लिहिते आहे, कारण माझा चष्मा दुरुस्तीला दिला आहे. (भाऊजी, नमस्कार. कंसात जे जे असेल ते माझं आहे आणि ते यांना ठाऊक नाही. चष्मा कपाटात आहे आणि ठणठणीत आहे. यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहेत. डॉक्टरांनी दोन वर्षांपूर्वीच ऑपरेशन सांगितलं, तेव्हापासून हे फक्त चष्मे बदलताहेत. – अख्तरबानू)

मुद्द्याचं आधी सांगतो, म्हणजे तू शेवटपर्यंत वाचशील. येत्या मे महिन्यात मी, अख्तर आणि आपल्या गल्लीतला संपत असे तिघं ताडोब्याला वाघ पाहायला येतो आहोत, आणि तेही स्वतःच्या घरात बसून. तुला आठवत असेल, पेशवे पार्कात वाघ होता तेव्हा आपण लागोपाठ तीन रविवार गेलो आणि तिन्ही रविवारी तो आपल्याकडे पाठ करून झोपला होता. तिसऱ्या रविवारी तू म्हणालास, याला पुण्याचं पाणी फार लवकर लागलं. तू हसलास आणि घरी गेलास. माझ्या मनात मात्र ते राहून गेलं. गोपाळ, चाळीस वर्षं मी स्वारगेटच्या दुकानात बसून रिक्षाच्या, टेंपोच्या, टुरिस्ट गाड्यांच्या सीटा शिवल्या. माझ्या सीटांवर बसून लोक गोव्याला गेले, काश्मीरला गेले आणि परत येऊन मलाच सांगू लागले की सीट जरा कडक होती. मी स्वतः खडकवासल्याच्या पुढे गेलो नाही. (एकदा मिरजेला गेलो होतो, माझ्या माहेरी. पण बायकोचं माहेर यांच्या लेखी प्रवासात धरत नाहीत.) आता दुकान भाच्याकडे दिलं आहे, वय चौसष्ट झालं आहे, आणि मरण्याआधी एकदा वाघाचं तोंड पाहायचं आहे. पाठ पाहून झाली.

आता घराचं सांगतो. बुधवार पेठेत जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला एक परदेशी मासिक मिळालं. त्यात एक कुटुंब भल्यामोठ्या मोटारीत राहून जंगलात फिरताना दाखवलं होतं. मोटारीत पलंग, मोटारीत शेगडी, खिडकीला पडदे, आणि बाई अंडी तळते आहे तर खिडकीबाहेर अस्वल उभं. त्याला ते लोक मोटरहोम म्हणतात. मी ते चित्र अख्तरला दाखवलं. ती म्हणाली, आपल्याकडे दारात अस्वल आलं तर अंडी कोण तळत बसेल? (मी असं म्हणाले नाही. मी म्हणाले, त्या बाईला जंगलातसुद्धा स्वयंपाक सुटलेला नाही.) पण विचार माझ्या डोक्यात पक्का बसला. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाड्या आतून सजवल्या त्यानं स्वतःची एक का सजवू नये? आणि अगदी त्याच आठवड्यात, एका धर्मादाय ट्रस्टची जुनी मेटॅडोर विकायला निघाल्याची बातमी आली. ट्रस्टचा तो फिरता नेत्र-दवाखाना होता. खेडोपाडी जाऊन लोकांचे डोळे तपासायचा. त्यांनी नवीन गाडी घेतली आणि ही माझ्या नशिबात आली. (हे डोळ्यांच्या डॉक्टरांना दोन वर्षं टाळत होते आणि शेवटी डोळ्यांचा दवाखानाच घरी घेऊन आले. मी तेव्हा काही बोलले नाही. खूप बोलण्यासारखं असलं की मी बोलत नाही.)

आपली गल्ली तुला माहीत आहे, तिथे हातगाडी वळवायची तरी दोन घरांची परवानगी लागते. म्हणून मेटॅडोर दुकानामागच्या मोकळ्या जागेत उभी केली आणि चार महिने मी तिच्यात राबलो. असं काम स्वारगेटला कोणी पाहिलं नसेल. खाली दोन माणसांचा पलंग, तो दिवसा दुमडून बाक होतो. खिडकीशी तीन सीटा, गोल फिरणाऱ्या, म्हणजे वाघ डावीकडून उजवीकडे गेला तर आपण उठायचं नाही, नुसतं वळायचं. दुहेरी फोम, काथ्या, वर पहिल्या प्रतीचं रेक्झिन. भिंतींना गादी लावली, छताला लावली, पाण्याच्या पिंपाच्या झाकणालाही लावली. रंग मुद्दाम कॉफी घेतला. जंगलात भडक रंग जनावराला खुपतो. (जांभळा. दुकानदार दोनदा म्हणाला, चाचा, हा जांभळा आहे. यांनी त्याला सांगितलं की चाळीस वर्षं या धंद्यात आहे, मला रंग शिकवू नकोस. भाऊजी, आत शिरलं की वांग्याच्या पोटात बसल्यासारखं वाटतं.) स्वयंपाकाचा कोपरा अख्तरच्या मर्जीनं केला. तिनं पाटा-वरवंटा न्यायचा हट्ट धरला तोसुद्धा मी मानला. (पाट्यावरची चटणी यांनाच लागते. मी मिक्सर म्हणाले होते. हे म्हणाले, वाघ पळून जाईल.)

एवढं सगळं झालं, पण बाहेरचा रंग राहिला. आमच्या धंद्यात रंग सर्वांत शेवटी. आत ठोकाठोक चालू असताना बाहेरून रंगवलं की पोपडे निघतात, हे शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे गाडीच्या दोन्ही बाजूंना ‘फिरता नेत्र-दवाखाना, मोफत तपासणी’ ही अक्षरं आणि त्यांच्या शेजारी पापण्यांसकट काढलेला हातभर लांबीचा एकेक डोळा तसाच होता. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला अक्षरांचा तक्ता होता, वर मोठी अक्षरं आणि खाली बारीक होत जाणारी. पत्रा मजबूत होता म्हणून तोही मी ठेवला. माधव पेंटरला मार्चमधली तारीख दिली आहे. त्याला डोळ्यांच्या जागी वाघ काढायचा आहे. तो म्हणतो, डोळे तयारच आहेत, भोवती वाघ काढला की झालं.

जंगलात जायचं तर नुसती गाडी पुरत नाही, माणूसही तयार हवा. म्हणून महिनाभर आम्ही रोज संध्याकाळी गाडीत बसून दोन गोष्टींचा सराव केला. पहिला सराव गप्प बसण्याचा. अर्धा तास कोणी बोलायचं नाही. अख्तरला हे अवघड गेलं हे तुला सांगायला नको. (मी गप्प होते. दर पाच मिनिटांनी ‘कोणी बोलू नका’ असं हे म्हणत होते.) संपत तर बत्तीस वर्षं एस.टी. चालवून निवृत्त झालेला माणूस. त्याला शांततेत झोप लागते आणि झोपेत तो ‘पुढे सरका, पुढे सरका’ म्हणतो. दुसरा सराव पाहण्याचा. जुन्या बाजारातून मी एक दुर्बीण आणली आहे, आणि खिडकीतून जे जनावर दिसेल ते वहीत लिहायचं असं ठरवलं. गर्दीच्या जागी डोळा तयार झाला की जंगलात सोपं जातं. माझ्या नावावर एका महिन्यात सात गाई, बारा कुत्री, दोन घोडे आणि एक उंट जमा आहे. (उंट म्हणजे गाद्या लादलेली हातगाडी होती. घोड्यांपैकी एक वाहतूक पोलीस होता, आणि त्यानं गाडीजवळ येऊन चौकशीही केली.) आत्ताच मी अख्तरला मागचं सगळं वाचून दाखवायला सांगितलं. तिनं एक शब्द न बदलता वाचलं. इतकं इमानानं लिहून घेणारं माणूस मिळणं कठीण. (कंस सोडून वाचलं.)

आता गेल्या रविवारची हकीकत. तुझ्या कानावर ती दुसरीकडून जाण्याआधी माझ्याकडून जावी, म्हणून सविस्तर सांगतो. इतक्या लांबच्या प्रवासाआधी गाडीची चाचणी हवी. बेत असा होता की सकाळी स्वारगेटहून निघायचं, दिवे घाट चढायचा, वर कुठेतरी झाडाखाली उभं राहून स्वयंपाक करायचा, जेवायचं, अर्धा तास गप्प बसायचं आणि परत यायचं. गाडी मीच चालवणार होतो, पण अख्तरनं किल्ली घेऊन संपतला दिली. कारण विचारलं नाही, बायकांच्या मनात काय येईल सांगता येत नाही. (कारण मी सांगितलं होतं. ते इथे लिहिलं तर तुम्ही काळजी कराल.) संपत उत्तम चालवतो, यात वाद नाही. पण बत्तीस वर्षांची एस.टी. त्याच्या पायात उतरली आहे. थांबा आला की त्याचा पाय आपोआप ब्रेकवर जातो. हडपसरपर्यंत तो नऊ ठिकाणी थांबला. दोन बायका चढल्याही, पलंगावर बसल्या, आणि सीट मऊ आहे असं म्हणून तिकीट मागू लागल्या. त्यांना उतरवताना मला फार वाईट वाटलं, कारण चाळीस वर्षांत माझ्या सीटला मऊ म्हणणारी ती पहिली माणसं.

घाट चढून वर गेल्यावर एका गावाचा थांबा लागला आणि संपत तिथेही थांबला. थांब्यावर दहा-बारा म्हातारी माणसं बसची वाट बघत होती. त्यांनी गाडीवरचे डोळे पाहिले, अक्षरं पाहिली, आणि बघता बघता सगळी उठून आमच्या दाराशी रांगेत उभी राहिली. पुण्यात अशी रांग लावायला पोलीस लागतो. मी दार उघडून नम्रपणे सांगितलं की हे घर आहे, दवाखाना नाही. त्यावर गेनबा नावाचे एक पागोटंवाले आजोबा, वय ऐंशीच्या घरात, पुढे झाले आणि म्हणाले, घर हाय तर मग डोळं कशाला काढल्यात? मी त्यांना आमच्या धंद्यातली रंग शेवटी देण्याची पद्धत समजावून सांगितली. त्यांनी ती सगळी ऐकून घेतली आणि तरीही आत येऊन माझ्या गोल फिरणाऱ्या सीटवर बसले. तोवर संपतनं सवयीनं बाहेरच्या लोकांना ‘एकेक करून या, उतरणाऱ्यांना आधी उतरू द्या’ असं सांगायला सुरुवात केली होती.

आता मला सांग, एवढी वयस्क माणसं उन्हात उभी आणि आपण त्यांना हाकलायचं? ते माझ्यानं होईना. म्हटलं, तक्ता आहे, लोखंडी पट्टी आहे, अक्षरं दाखवायला काय लागतं? ज्याला वाचता येणार नाही त्याला पुण्याच्या चांगल्या डॉक्टरांचा पत्ता देऊ. (पत्ता यांना पाठ आहे. दोन वर्षं मी रोज सांगते आहे.) मी पट्टी घेतली, दाराजवळ उभा राहिलो आणि गेनबांना म्हटलं, वाचा. ते म्हणाले, काय वाचू? मी म्हटलं, मी दाखवतो आहे ते अक्षर. ते म्हणाले, तितं अक्षर न्हाई. मी जरा आवाज चढवून म्हटलं, आजोबा, सर्वांत मोठं अक्षर आहे, ते दिसत नसेल तर तुमचे डोळे फार बिघडलेत. गेनबा उठले, माझ्याजवळ आले आणि अगदी हळू आवाजात, बाहेरच्यांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले,

“सायेब, पट्टी पडद्यावर लावलीया तुमी. तक्ता हिकडं हाय.”

याचं स्पष्टीकरण साधं आहे. पडद्याला फुलं होती, आतला उजेड कमी होता आणि तक्ता जुना असल्यामुळे अक्षरं उडालेली होती. (पडदा पांढरा आहे, मीच शिवला. एक फूल नाही. बाहेर दुपारचे बारा वाजले होते.) गेनबांनी माझा हात धरून मला त्याच सीटवर बसवलं, पट्टी स्वतः घेतली आणि एकेक अक्षर दाखवून मला विचारू लागले. त्यांना वाचता येत नाही, पण खाणाखुणांनी आकार सगळे पाठ होते, कारण गेल्या वर्षी याच गाडीत त्यांचे डोळे तपासले होते आणि मग दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती. त्या दिवशी ते डोळे दाखवायला आलेच नव्हते. गाडी दिसली म्हणून डॉक्टरांना भेटून, आता नातीच्या हातावरचं गोंदणसुद्धा दिसतं, एवढं सांगायला आले होते. मला पहिली ओळ वाचता आली नाही. गेनबा म्हणाले,

“दुखत न्हाई त्यात काय. भ्या वाटतं. ते वाटू द्यायचं.”

त्यांचा गैरसमज झाला होता हे उघड आहे. भीतीचा प्रश्नच नव्हता, उजेडाचा होता. पण वयानं मोठा माणूस, म्हणून मी उलट बोललो नाही. मग सगळ्यांना अख्तरनं चहा दिला, त्या मंडळींनी आम्हाला अंजिरं दिली, आणि गप्प बसण्याचा अर्धा तास राहूनच गेला. एकूण चाचणी यशस्वी झाली असं मी म्हणेन. (येताना घाटातून इथपर्यंत हे एक शब्द बोलले नाहीत. महिनाभराचा सराव त्या दिवशी कामी आला. मला तो मुळीच आवडला नाही, भाऊजी.)

तेव्हा तुला काम एवढंच, की चंद्रपूरच्या वनखात्याच्या ऑफिसात जाऊन मेच्या दुसऱ्या आठवड्याचं आमचं बघून ठेव. राहायला खोली नको, घर आमचं आम्ही आणतो आहोत. फक्त ते कुठे उभं करू देतील ते विचार. पाणवठ्याजवळ असेल तर उत्तम. कुसुमवहिनींनी आमच्यासाठी काही करू नये, फक्त सांडग्या मिरच्या कराव्यात. बाकी भेटीअंती. तुझे गुडघे शाबूत राहोत आणि हेमाच्या घरी तुला तिसरा चहा न मागता मिळो, ही दुआ.

तुझा,
सिराज

ता. क. – एक बारीक गोष्ट राहिली. ताडोब्यात तू आमच्याबरोबर गाडीत हवास, आणि माझ्या उजव्या हाताला बसायचं. जनावर दिसलं की नुसता माझा कोपर दाबायचा आणि घड्याळाच्या काट्यांप्रमाणे कानात सांगायचं, म्हणजे ‘दहा वाजता’ किंवा ‘दोन वाजता’. मी त्या बाजूला तोंड करीन. वाघ असेल तर दोनदा दाब. उभा आहे की बसला आहे आणि तोंड आपल्याकडे आहे का, तेही सांग. अख्तरला हे कळता कामा नये. (हे वाक्य सांगताना लिहिणारी मीच आहे याचा यांना विसर पडला. मग आठवलं, आणि म्हणाले, एवढं खोड. मी खोडल्याचा आवाज केला.)

ता. क. दुसरा, ११ जानेवारी – भाऊजी, हे दुकानात गेले आहेत, म्हणून आता कंस काढते. वरचा ता. क. वाचलात ना? एवढी गाडी बांधून, साडेसातशे किलोमीटर जाऊन हे वाघाच्या दिशेला नुसतं तोंड करून बसणार आहेत, आणि परत येऊन सगळ्या कसब्यात सांगणार आहेत की पाहिला. मला वाघाचं एवढं काही नाही. वाघ पाहताना यांचा चेहरा मला पाहायचा आहे. तुमच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत आणि हे जगात फक्त तुमचं ऐकतात. वनखात्याकडे आत्ता जाऊ नका. आधी यांना एक पत्र लिहा, आपल्या मनानं लिहिल्यासारखं, की काही त्रास होत नाही. माझं नाव मधे आणू नका. पाकीट चिकटवून यांच्याकडेच टाकायला देते आहे. पेटी दुकानासमोरच आहे, तेवढं तरी जमेल. – अख्तरबानू

ता. क. तिसरा, ४ मार्च – गोपाळ, हे अक्षर माझं आहे. ओळखलंस? जरा तिरकं आहे, पण ते शाळेतही तिरकंच होतं आणि त्यापायी जोशी मास्तरांनी आपल्या दोघांनाही बाकावर उभं केलं होतं, कारण तू हसलास.

हे पत्र तुला दोन महिन्यांनी मिळतं आहे, त्याचं असं झालं की मी ते पोस्टाच्या पेटीत टाकलंच नाही. स्टँडवरच्या एस.टी.च्या तक्रारपेटीत टाकलं. तीही लालच आहे. पंधरा दिवसांनी तिथल्या एका कारकुनानं ते संपतच्या हाती परत पाठवलं, वर टाचणीनं चिठ्ठी लावून. संपतनं ती दुकानासमोर मोठ्यानं वाचली: ‘पत्र उघडल्याबद्दल क्षमस्व. तक्रार रास्त आहे, परंतु ती मोतीबिंदूविषयी असल्याने या खात्याच्या कक्षेत येत नाही. कृपया योग्य ठिकाणी जावे.’ गोपाळ, तक्ता जुना होता म्हणता येतं, उजेड कमी होता म्हणता येतं. पण पुण्यातल्या सरकारी माणसानं न विचारता बरोबर पत्ता सांगितल्यावर काय म्हणणार? मी पत्र रेक्झिनच्या गठ्ठ्याखाली लपवलं आणि दुसऱ्याच दिवशी संपतला घेऊन डॉक्टरांकडे गेलो. घरी सांगितलं की दुकानाच्या पत्त्यावर गोपाळचं पत्र आलं आणि मी तयार झालो. तेव्हा तू मला पत्र लिहिलं आहेस हे लक्षात ठेव. फार चांगलं पत्र होतं. अख्तर तुला रोज दुआ देते.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला, आत भिंग बसवलं आहे आणि कालच नवा चष्मा मिळाला. तुला आता खरं सांगतो, तेव्हा सांगता येत नव्हतं कारण लिहिणारी समोर बसली होती. मला भीती वाटत होती. दुसरं काही नाही. चाळीस वर्षं मी हातात सुई धरली आहे. मऊ वस्तूत सुई कशी शिरते हे मला कोणी सांगायला नको. डॉक्टर बारीक सुई म्हणाले की मी नव्या चष्म्याचा नंबर मागून बाहेर पडायचो. ते त्या घाटावरच्या म्हाताऱ्याला पहिल्या झटक्यात कळलं आणि मी त्याला उजेड समजावत बसलो. दुखलं मुळीच नाही. पट्टी सोडली तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरातला आकडा स्वच्छ दिसला आणि मी दवाखान्यात, लोकांसमोर, रडलो. मग बाहेर येऊन गाडीत शिरलो. गाडी आतून जांभळी आहे. कोणी सांगितलं का नाही हे मी विचारलं नाही, कारण सगळ्यांनी सांगितलं होतं.

आज सकाळी गठ्ठ्याखालून हे पत्र काढून पहिल्यापासून शेवटपर्यंत स्वतः वाचलं. कंसांसकट. आधी रागावलो, मग इतका हसलो की भाचा पाणी घेऊन आला. पण हसून झाल्यावर पुन्हा वाचलं, आणि या खेपेला मजकूर नाही, अक्षर पाहिलं. तूही जरा मागची पानं उलटून बघ. पहिल्या पानावर तिच्या ओळी सरळ आहेत. जसं पुढे जाशील तशा त्या वर चढतात, अक्षरं मोठी होतात, आणि तिच्या स्वतःच्या ता. क.मध्ये दोन ओळी तर एकमेकींच्या अंगावर लिहिल्या आहेत. घरी येऊन मी दिवसभर नुसतं तिच्याकडे पाहिलं. ती तांदूळ बोटांनी चाचपून निवडते. सुईत दोरा शेजारच्या परवीनकडून ओवून घेते आणि तिला सांगते की आजकाल सुयाच बारीक येतात. मी सहज म्हटलं, अख्तर, डोळे दाखवायचे का? ती म्हणाली, मला काय झालंय, या खोलीत उजेडच कमी आहे. अरे, ही सगळी कारणं मी दोन वर्षं स्वतः तयार केलेली आहेत, मला ती ओळखू येणार नाहीत? मला हाताला धरून डॉक्टरांच्या दारापर्यंत ओढताना ही बाई स्वतःचं लपवत होती.

माझं ती ऐकणार नाही. मी कुठल्या तोंडानं सांगू? पण तुझ्या पत्रावर तिचा आता फार विश्वास आहे. तेव्हा वनखात्याकडे आत्ता जाऊ नकोस. आधी तिला एक पत्र लिही, आपल्या मनानं लिहिल्यासारखं, की काही त्रास होत नाही. माझं नाव मधे आणू नकोस. अक्षर मोठं काढ. मे हुकला तर हुकू दे, थंडीत येऊ. वाघाला निरोप दे की आम्ही दोघं त्याला चारही डोळ्यांनी पाहणार आहोत, आणि त्यातला एक तयार आहे.